इतिवृत्त

मराठी शाळेच्या मोठ्या वर्गात, लहान बाकांवर
गुडघे आडवे करून बसलेलं गाव.
फळ्यावर अर्धवट पुसलेला लसावि
आणि त्याच्याखाली माझ्या अक्षरात तीन नियम:
एका वेळी एकच.
माणसावर नको, मुद्द्यावर.
दोन मिनिटं.

सभा मी चालवायची असं मेतर गुरुजींनी ठरवलं,
कारण मी राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला,
आणि कारण (हे ते बोलले नाहीत)
सरपंच-उपसरपंच दोन वर्षं
एकमेकांशी शिपायामार्फत बोलतात.

प्रश्न एवढाच, की खाजणात
कोळंबीची तळी खोदू द्यायची का.

माझं उत्तर मला माहीत होतं.
आई त्याच खाजणात ओहोटीला खुबे काढते,
तिच्या नखांतला काळा चिखल
माझ्या फीच्या पावतीपर्यंत आलाय.
ते उत्तर मी टेबलाखाली सारलं,
पाहुणे आले की चपला सारतात तसं.

"चेडू शिकवतला आता आमका!" मागून कुणीतरी.
सगळे हसले. मीही हसले.
पास्कू फर्नांडिसनं तीनदा मध्येच तोंड घातलं
आणि तीनदा माफी मागितली.
कंपनीचा माणूस आलाच नव्हता,
त्याचं पत्रक होतं, वर सूर्यास्त छापलेला.

मग हसीनाबी सोलकर उठल्या.
विहिरी मचूळ होतील, म्हणाल्या, आणि वरच्या बांधापासून
एकेक विहीर नावानं सांगत खाली आल्या.
माझा हात घंटेवर होता.
घड्याळ मला दिसत होतं.
हात घंटेवरच राहिला.

त्यांच्यानंतर अनाजी तारी.
सवय नाही बोलायची; आधी खिडकीकडे बघून बोलले,
मग फळ्याकडे, मग माझ्याकडे.
"खाजान माकाव होया. पण माझो झील—"

ठण्ण.

बरोबर दोन मिनिटं. कुणाला चूक काढता आली नसती.
तेही काही म्हणाले नाहीत. बसले.

हात मोजले: एकसष्ट विरुद्ध, अडतीस बाजूनं.
आपण जिंकलो, आई डोळ्यांनीच म्हणाली.
पाचवीतला तेजू वेळ लिहायला बसवला होता,
तो चौकटीची वही घेऊन धावत आला,
सेकंदसुद्धा लिहिलेत, ताई, बघ:
सोलकर २:४०
तारी २:००
त्याला शाबासकी हवी होती. दिली.

चाळीस सेकंदांत तेवीस मतं फिरत नाहीत.
घरी जाताना साकवावर उभी राहून
हे गणित मी दोनदा केलं,
दोन्ही वेळा बरोबर आलं,
आणि तरी साकवावरून पाय निघेना.

दुसऱ्या दिवशी तारींकडे गेले.
पडवीत जाळं विणत बसले होते.
काल तुमचं एक वाक्य राहिलं, म्हटलं.
"खंयचा?"
माझो झील, म्हटलं, इथपर्यंत आलं होतं.
त्यांनी दातांनी सूत तोडलं.
"इसारलंय."
मग थोड्या वेळानं,
"ह्या टोक धर. ओढू नको. सोडूव नको."

धरलं.
आतून त्यांचा मुलगा आला, माझ्याच वयाचा,
दाढी वाढलेली, दुपारी दोनला झोपेतून उठलेला.
टाकीवर तांब्या भरला,
आमच्याकडे न बघता आत गेला.
आम्हीही जाळ्याकडेच बघत होतो.

तळ्यांना माझा विरोध आहे, आजही.
हे इतिवृत्तात येत नाही, यायलाही नको.
पण पान दोनवर, तारी यांच्या नावापुढे,
त्यांच्याच बोलीत, आहे तेवढंच लिहिलंय
आणि पुढे एक आडवी रेघ.
गुरुजी म्हणाले, वाक्य पुरं कर, नाहीतर खोड.
मी म्हटलं, ते माझं नाही.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.
खाली सही केली.
रेघेपुढे तीन बोटं कागद कोरा आहे.